"धर्मप्रचारात रमल्या" या एका ओळीबद्दल

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

५ एप्रिलला पंडिता रमाबाईंच्या स्मृतिदिनाला तुमच्या पुरवणीत पानभर लेख आला. लेख चांगला होता हे आधी सांगून टाकतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हा माणूस फक्त चुका काढायलाच पत्र लिहितो. अनंतशास्त्री डोंगरे, आईवडिलांबरोबरची ती पायपीट, १८७८ साली कलकत्त्याला पंडितांनी दिलेली पदवी, बिपिनबिहारींशी लग्न, दोन वर्षांत वैधव्य, पुण्यात आर्य महिला समाज, हंटर कमिशनपुढची साक्ष, इंग्लंड, बाप्तिस्मा, अमेरिका, १८८९ ला मुंबईत शारदा सदन आणि तिथली पहिली विद्यार्थिनी गोदूबाई म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, १८९३ ला सदनातल्या धर्मांतरावरून उठलेलं वादळ आणि केसरी, सगळं नीट आलंय. आणि मग शेवटच्या परिच्छेदात एक ओळ: "उत्तरायुष्यात केडगाव येथे परदेशी मिशनरी महिलांच्या मदतीने त्या धर्मप्रचारात रमल्या."

खलास. लेख संपला.

आता मी शाळेत तीसेक वर्षं इतिहास शिकवला, तेव्हा अशी ओळ कधी लिहितात हे मला चांगलं माहितीय, मी स्वतः फळ्यावर तशा ओळी लिहिल्यात. धड्याचा तास संपत आलेला असतो आणि पुढचं प्रकरण आपल्याला नीट माहिती नसतं किंवा त्याबद्दल बोलायला अवघड वाटतं, तेव्हा माणूस असं काहीतरी "रमल्या" वगैरे लिहून मोकळा होतो. पण १८९८ ते १९२२ म्हणजे चोवीस वर्षं होतात हो. शारदा सदनाच्या मुंबई-पुण्याच्या काळाच्या दुपटीपेक्षा जास्त. आणि ज्यांना तुम्ही "परदेशी मिशनरी महिला" म्हणून गुंडाळून टाकलंत त्यातल्या एकीचं नाव मिनी अब्राम्स, आणि जगात पेंटेकॉस्टल या ख्रिस्ती पंथाचा इतिहास जिथे कुठे शिकवला जातो तिथे तिचं आणि आपल्या दौंड तालुक्यातल्या केडगावचं नाव येतं. आपल्याकडे मात्र मी निवृत्त होईपर्यंत ते मलाच माहिती नव्हतं, शपथेवर सांगतो. पुणे-दौंड गाडीने हजार वेळा केडगावावरून गेलो असेन.

मी ख्रिश्चन नाही हेही सांगून ठेवतो, म्हणजे पत्र कोणत्या बाजूचं आहे असा प्रश्न नको. घरात देवघर आहे, एकादशी बायको करते, मी खिचडी खातो. मला यात रस आहे तो माणसांच्या गोष्टीचा.

तर मिनी अब्राम्स. जन्म १८५९, अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये, म्हणजे रमाबाईंपेक्षा एका वर्षाने लहान. वाढली मिनेसोटातल्या शेतकरी घरात. मग शिकागोला लूसी रायडर मायर नावाच्या बाईंनी १८८५ साली मिशनचं काम करू इच्छिणाऱ्या मुलींसाठी एक ट्रेनिंग स्कूल काढलं, तिथल्या अगदी सुरुवातीच्या मुलींपैकी ही एक. १८८७ साली मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या महिला मिशन सोसायटीने तिला मुंबईला पाठवलं. इथे मुलींच्या शाळेचं काम केलं, पण तिचा जीव शाळेच्या कारभारात रमेना (आला बघा तुमचा शब्द), तिला लोकांत जाऊन बोलायचं होतं, म्हणून मराठी शिकली आणि पूर्ण वेळ सुवार्तेचं, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश सांगायचं, काम करायला लागली. मराठी शिकली हे वाक्य आपण पटकन वाचून पुढे जातो, पण मिनेसोटाच्या शेतावरच्या बाईने "ळ" म्हणायला किती दिवस घेतले असतील याचा विचार करा. आपल्याकडे वीस वर्षं राहून "भैया, कितना हुआ" च्या पुढे न गेलेले लोक मी रोज बघतो.

एक गोष्ट इथे समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. तिच्या चर्चमध्ये बायकांना पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, होता येत नव्हतं. अमेरिकेतल्या मेथडिस्टांनी बायकांना पाळकपदाचे पूर्ण हक्क दिले ते १९५६ साली. म्हणजे ही बाई परदेशात जाऊन शाळा उभी करू शकत होती, परकी भाषा शिकून गावोगाव उपदेश करू शकत होती, पण तिच्याच गावच्या चर्चमध्ये पाळकाच्या खुर्चीत बसायची सोय नाही. आपल्याकडचं वेगळं नव्हतं म्हणा, बाईने पुराण सांगितलेलं पुण्यात किती जणांना झेपलं ते रमाबाईंनी बघितलंच होतं.

१८९८ च्या सुमारास ती मेथडिस्टांचं काम सोडून केडगावला रमाबाईंकडे आली. त्याच्या आधी काय झालं होतं ते तुमच्या लेखात नाही म्हणून सांगतो. १८९६-९७ ला मध्य प्रांतात भयानक दुष्काळ पडला आणि रमाबाई स्वतः तिकडे जाऊन उपाशी, टाकून दिलेल्या, विकायला काढलेल्या मुली आणि विधवा घेऊन आल्या, शेकड्यांनी. पुण्यात तेव्हा प्लेगची धास्ती, एवढ्या मुली शहरात ठेवायची परवानगी नाही, म्हणून केडगावला घेतलेल्या जमिनीवर आधी तंबू-झोपड्या आणि मग इमारती. तेच मुक्ती सदन. नंतर १९०० चा गुजरातचा दुष्काळ, परत मुली. त्या काळात तिथे दोन हजारच्या आसपास माणसं राहात होती. दोन हजार! आपल्याकडे चाळीस मुलांची सहल न्यायची म्हटली तरी शिक्षकांचं बीपी वाढतं. तिथे माग, तेलाचा घाणा, गोठा, शेती, छापखाना, आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवणं असं सगळं चालायचं आणि सगळं बायका चालवायच्या. रमाबाई १८९८ ला अमेरिकेला गेल्या तेव्हा मागे कारभार बघणाऱ्यांत सुंदराबाई पवार आणि ही मिनी अब्राम्स होत्या. सुंदराबाईंवर तर वेगळा लेख यायला पाहिजे, असो.

आता १९०५.

त्याच्या आधी १९०३ साली रमाबाईंची मुलगी मनोरमा आणि मिनी अब्राम्स ऑस्ट्रेलियाला जाऊन आल्या होत्या, तिकडे घरोघर छोटे छोटे प्रार्थनागट जमवून उज्जीवन झाल्याचं ऐकून आल्या होत्या. उज्जीवन म्हणजे चर्चमधल्या माणसांच्या भाषेत निर्जीव झालेल्या श्रद्धेत परत जीव येणं. मग वेल्समध्ये १९०४ ला तसंच काही झाल्याच्या बातम्या आल्या, आणि १९०५ ला खासी टेकड्यांतून, म्हणजे आजच्या मेघालयातून, कारण तिथे वेल्सचेच मिशनरी होते. रमाबाईंनी जानेवारी १९०५ ला मुक्तीत रोजची खास प्रार्थना सुरू केली. आधी सत्तरएक जणी यायच्या, जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या आणि दिवसातून दोनदा. मग एके दिवशी रमाबाईंनी विचारलं की शाळेचा अभ्यास बाजूला ठेवून आजूबाजूच्या गावांत जाऊन सुवार्ता सांगायला कोण तयार आहे. तीस जणी उठल्या. त्या तीस जणी रोज वेगळ्या बसून सामर्थ्य मागायच्या.

आणि जूनच्या शेवटी ती रात्र. मला ह्या सगळ्या इतिहासात सगळ्यात आवडलेला प्रसंग हाच, कारण त्यात बादली आहे.

पहाटेच्या अंधारात मिनी अब्राम्सला उठवायला मोठ्या मुलींतली एक जण धावत आली. सांगायला लागली, चला, अमकीला पवित्र आत्मा मिळाला, मी तिच्यावर आग बघितली, पळत खोलीच्या पलीकडून पाण्याची बादली आणली आणि तिच्या अंगावर ओतणारच होते तेवढ्यात कळलं की ती पेटलेली नाही. अब्राम्सनेच हे पुढे लिहून ठेवलंय म्हणून आपल्यापर्यंत आलं. आता तुम्ही श्रद्धाळू असाल तर म्हणाल अग्नी उतरला. नसाल तर म्हणाल अंधार, जागरण, महिनोन्‌महिने तेच तेच ऐकलेलं, आणखी काय. मी दुसऱ्या गटातला. पण ती बादली खोटी नाही असं मला वाटतं. गोष्ट रचणारा माणूस बादली घालत नाही, तो पंख घालतो, आकाशवाणी घालतो. ही पोरगी पहिल्यांदा काय करते, तर मैत्रीण पेटली म्हणून पाणी आणायला पळते. दुष्काळातून आलेल्या, एकमेकींना धरून वाढलेल्या मुली होत्या त्या, दुसरं काय सुचणार.

दुसऱ्या दिवशी ३० जूनला रमाबाई नेहमीसारख्या शांतपणे बायबलमधल्या योहानाच्या आठव्या अध्यायावर बोलत होत्या आणि मुलींनी एकदम मोठमोठ्याने प्रार्थना सुरू केली, इतकी की रमाबाईंना बोलणं थांबवावं लागलं. नंतरचे दिवस सगळे तसेच. वर्गात, कामावर मुली रडायला लागायच्या, आपण काय काय पाप केलं ते कबूल करायच्या, आणि मग रडण्याचं हसणं व्हायचं, गाणं व्हायचं, नाचणं व्हायचं. शाळेचं वेळापत्रक पार कोलमडलं. अंगात जळतंय असं मुली सांगायच्या. आपल्याकडे ज्याने वारीत रिंगण बघितलंय किंवा जागरण-गोंधळात रात्र काढलीय त्याला यात एवढं दचकण्यासारखं काही वाटणार नाही. पण शिस्तीत, ओळीत बसून, गळ्याशी आवाज दाबून प्रार्थना करणाऱ्या गोऱ्या मिशनऱ्यांना ते जड गेलं. बऱ्याच जणांनी नाकं मुरडली.

इथे रमाबाईंनी जे केलं ते मला त्यांच्या संस्कृतच्या पदव्यांपेक्षा मोठं वाटतं. त्यांनी मुलींना गप्प बसवलं नाही. त्यांनी सरळ लिहिलं की हिंदुस्थानी लोकांत उज्जीवन यायचं तर ते त्यांच्या स्वभावाला आणि भावनांना धरून येऊ दे. म्हणजे बघा, ज्या बाईवर "परक्यांची झाली" म्हणून पुण्यात एवढी टीका झाली तीच बाई गोऱ्या मिशनऱ्यांना सांगतेय की आमच्या माणसांना आमच्या पद्धतीने देवापुढे उभं राहू द्या. तुमच्या "रमल्या" मध्ये हे बसत नाही हो साहेब. आणि गंमत म्हणजे त्या स्वतः काही अन्य भाषांत वगैरे बोलल्या नाहीत, नुसत्या मुलींच्या पाठीशी उभ्या राहिल्या.

अन्य भाषांचं काय ते थोडक्यात सांगतो, कारण पेंटेकॉस्टल म्हटलं की तेच येतं. बायबलमध्ये पन्नासाव्या दिवसाच्या सणाला शिष्य न शिकलेल्या भाषांतून बोलायला लागले अशी गोष्ट आहे, त्यावरून हे नाव. मुक्तीत १९०६ च्या अखेरीस तसं सुरू झालं, आणि त्याच वर्षी मनमाडच्या मुलींच्या अनाथाश्रमातूनही तसंच ऐकू आलं. दौंडला अल्बर्ट नॉर्टन नावाचे मिशनरी मुलांचा आश्रम चालवायचे. त्यांनी लिहून ठेवलंय की मुक्तीत गेलो असताना मिस अब्राम्सने विचारलं, वीसेक मुली प्रार्थना करतायत त्या खोलीत यायचंय का. हे आत गेले, टेबलाशेजारी डोळे मिटून गुडघ्यावर बसले, आणि जवळच कोणीतरी स्वच्छ इंग्रजीत प्रार्थना करताना ऐकू आलं. डोळे उघडून बघतात तर तीन फुटांवर हात वर करून बसलेली बाई, जिला त्यांनीच १८९९ ला केडगावात बाप्तिस्मा दिला होता, मराठी बोलणारी, थोडीफार हिंदुस्थानी येणारी. खोलीत मिस अब्राम्स सोडून कोणाला इंग्रजी येत नव्हतं असं ते म्हणतात. माझं मत विचाराल तर वर्षानुवर्षं मिशनऱ्यांच्यात राहून कानावर काय काय पडलं असेल याचा हिशोब नॉर्टनसाहेबांनी केलेला नाही. आमच्या शाळेचा शिपाई इंग्रजीचा एक तास न बसता कविता म्हणायचा. पण एवढं मान्य करावं लागेल की त्या बाईने तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून साहेबाची भाषा निघाली, हे बघून साहेबच गार पडला.

हे सगळं कधी चाललंय तर अमेरिकेत लॉस एंजेलिसला अझुसा स्ट्रीटवर विल्यम सेमूर यांच्या सभा सुरू झाल्या एप्रिल १९०६ ला. पुष्कळ वर्षं सांगितलं जायचं की पेंटेकॉस्टल चळवळ तिथून निघाली आणि जगभर गेली. केडगावचं उज्जीवन त्याच्या आधी दहा महिने सुरू झालंय आणि तिथून कोणी येऊन पेटवलेलं नाही. पहिलं कोण या भांडणात मला पडायचं नाही, कारण मग कॅन्सस राज्यात टोपेकाला १९०१ ला झालेलं आहे, आपल्याकडे तिरुनेलवेलीला १८६० च्या आसपास झालेलं आहे, ते शेपूट लांबतच जातं. पण "परदेशातून आलेलं फॅड" असं जे आपल्याकडे सहज म्हटलं जातं त्याला केडगाव हे अवघड उत्तर आहे.

मिनी अब्राम्सने १९०६ साली यावर एक छोटं पुस्तक लिहिलं, "द बॅप्टिझम ऑफ द होली घोस्ट अँड फायर", आणि त्याच वर्षात दुसरी आवृत्ती काढून त्यात अन्य भाषांचा भाग घातला. तिचं म्हणणं साधारण असं की अग्नी मिळतो तो आधी आपल्याला आतून धुऊन काढायला आणि मग उठून लोकांकडे जायला. नुसतं थरथरत बसायला नाही. भाषा हाच एकमेव पुरावा असा हट्टही मुक्तीत नव्हता, जो पुढे बऱ्याच ठिकाणी धरला गेला आणि त्यावरून मंडळ्या फुटल्या.

आणि या पुस्तकाचा प्रवास बघा. शिकागोच्या त्या ट्रेनिंग स्कूलमधली तिची एक मैत्रीण, मे हूव्हर, नवऱ्याबरोबर दक्षिण अमेरिकेत चिलीच्या वाल्पाराइसो बंदरात मेथडिस्ट मिशनचं काम करत होती. अब्राम्सने तिला पुस्तक पाठवलं. नवरा विलिस हूव्हर आणि तिने ते वाचलं, त्यांच्या चर्चमध्ये प्रार्थना सुरू झाल्या, १९०९ ला तिथे मोठं उज्जीवन झालं, मूळच्या मेथडिस्टांना ते पटलं नाही म्हणून वेगळं चर्च निघालं. आज चिलीत पेंटेकॉस्टल लोकांची संख्या प्रचंड आहे आणि त्यांच्या इतिहासाच्या पहिल्या पानांवर केडगाव आहे. म्हणजे वाल्पाराइसोतल्या बसवाल्याला केडगाव माहिती असायची शक्यता आहे आणि पुण्यातल्या इतिहासाच्या मास्तरला, म्हणजे मला, माहिती नव्हतं! पोस्टाने गेलेलं एक पातळ पुस्तक. हल्ली आपण दिवसाला पन्नास फॉरवर्ड पाठवतो, शेजारीसुद्धा उघडत नाही.

१९०८ ला अब्राम्स अमेरिकेला गेली आणि तिथल्या सभांमधून फिरून बाया जमवल्या. १९१० ला "बसालेल इव्हँजेलिस्टिक मिशन" नावाची संस्था काढली, फक्त बायकांची, आणि त्या बायकांना घेऊन परत हिंदुस्थानात आली. बसालेल हा बायबलमधला कारागीर, मोशेच्या काळात निवासमंडपाचं काम करणारा, त्याच्यात देवाचा आत्मा भरला होता तो लाकूड तासायला आणि सोनं घडवायला असं लिहिलंय. प्रचाराच्या संस्थेला संदेष्ट्याचं नाव न देता सुतारकाम-सोनारकाम करणाऱ्याचं नाव दिलं हे मला फार आवडलं. या बायका उत्तरेला गेल्या, संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाकडे, जिथे सुवार्ता सांगायला कोणी पोचलं नव्हतं अशा भागात. तिथेच १९१२ साली मिनी अब्राम्स तापाने वारली. वय त्रेपन्न. पंचवीस वर्षं या देशात काढली, एवढं सगळं केलं आणि कुठल्याही चर्चने पाळक म्हणून तिच्या डोक्यावर हात ठेवला नव्हता.

आता तिची आरती ओवाळायची नाहीये मला. एक गोष्ट मला सारखी टोचते. त्या रात्रीची ती मुलगी, ती बादलीवाली, नॉर्टनच्या शेजारची ती बाई, गावोगाव गेलेल्या त्या टोळ्या, यांचं म्हणणं आपल्याकडे येतं ते अब्राम्स आणि नॉर्टन यांच्या इंग्रजीतून. नावं नाहीत, कुठे असलंच तर अर्धं नाव. त्या मराठीत काय बोलल्या असतील? "अगं पेटली गं पेटली" म्हणाली असेल का? खरं म्हणजे १९०५ साली दौंड-शिरूरच्या गावात चावडीपुढे किंवा विहिरीवर बायकांत उभं राहून बोलणाऱ्या ह्या मुलीच खऱ्या सुवार्तिका. घरच्यांनी टाकलेल्या, कोणी बालविधवा, कोणी दुष्काळात आई मेलेली, जिला सात-आठ वर्षांपूर्वी गावाने भाकरी दिली नसती तीच आता टोळीने येऊन गावाला काहीतरी सांगतेय. गावाने ऐकलं असेल का हाकललं असेल, दोन्ही झालं असेल. त्यांचं कोणी लिहून ठेवलं नाही कारण लिहिणारे इंग्रजी वाचकांसाठी लिहीत होते आणि आपले लिहिणारे वाचायलाच तयार नव्हते. आणि अब्राम्सच्या लिखाणात आपल्या लोकांबद्दल, आपल्या देवांबद्दल जो मिशनरी सूर आहे तो मला खटकतो, तो लपवायचं कारण नाही. तिला आपला अंधारच दिसला जास्त.

धर्मांतराचा मुद्दाही माझ्या लक्षात आहे. दुष्काळात आश्रय दिलेल्या अनाथ मुली आणि मग बाप्तिस्मा, यात मुलींची मर्जी किती आणि पोटाची आग किती हा प्रश्न विचारलाच पाहिजे, माझ्या वर्गात पोरांनी विचारला असता तर मी शाबासकी दिली असती. पण प्रश्न विचारायचा तर आधी गोष्ट सांगावी लागते. तुम्ही गोष्टच सांगितली नाहीत. टिळकांच्या केसरीने निदान भांडण तरी केलं, दखल घेतली. एका ओळीत "रमल्या" म्हणून सोडून देणं हे त्याच्यापेक्षा वाईट असं मला वाटतं. भांडणाऱ्याला समोरचा निदान दिसत असतो.

आणि "रमल्या" म्हणे. याच काळात रमाबाई ग्रीक आणि हिब्रू शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणत होत्या, साध्या बायकांना कळेल अशा भाषेत, आणि त्याचे खिळे जुळवायचं, छापायचं काम मुक्तीतल्या बायका करत होत्या. मध्येच १९२१ ला एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. बाई काम करत राहिल्या, तर्जुमा पूर्ण झाला आणि ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. छापून आलेलं पुस्तक बघायला त्या नव्हत्या, ते १९२४ ला आलं. याला रमणं म्हणायचं असेल तर मग वीटभट्टीवरचा मजूरही रमलेलाच म्हणावा लागेल.

माझी विनंती एवढीच आहे की पुढच्या वर्षी हाच लेख थोडा फिरवून परत छापाल (छापताच, मी गेली काही वर्षं बघतोय) तेव्हा शारदा सदनाचा एक परिच्छेद कापा, तो सगळ्यांना पाठ आहे, आणि तिथे १९०५ घाला. मिनी अब्राम्सचं नाव घाला. केडगावला कोणी जुनी माणसं असतील, कोणाच्या घरात पणजीची काही आठवण, गाण्याची वही, पत्र असेल तर वाचकांना आवाहन करा, तुमच्या पेपरला ते जमेल, मला एकट्याला कोण दारात उभं करतंय. मी दोनदा प्रयत्न केला. एकदा समोरच्याने एलआयसीवाला समजून पाणी दिलं आणि एकदा शेजारणीने कुत्रं सोडलं.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
(दौंड तालुका)

ता.क. लेखाबरोबर जो नकाशा छापलाय त्यात केडगाव नगरला चिकटून दाखवलंय. ते केडगाव वेगळं. मुक्तीवालं केडगाव पुणे जिल्ह्यात, पुणे-दौंड लाइनीवर, दौंडच्या अलीकडे. तुमच्या वार्ताहराला पाठवाल तर तिकीट बघून काढायला सांगा, आमच्या नात्यातला एक जण लग्नाला त्या केडगावला जाऊन बसला होता.